चपलेचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे, आणि तोही चपलेचा. हसलात ना? सगळेच हसतात. पण मी पायातल्या चपलेचा पट्टा नव्हे. चपला म्हणजे वीज. त्या नावाची एक उडणारी नायिका काही वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी दूरचित्रवाणीवर यायची. निळा मुखवटा, रुपेरी पोशाख आणि छातीवर विजेची नागमोडी खूण. ती उडायची तेव्हा पोशाखाच्या आत, तिच्या कमरेला आणि मांड्यांना आवळून मी असायचो. माझ्या पाठीवरच्या कडीत एक पोलादी तार अडकवलेली असे. ती इतकी बारीक होती, की पडद्यावर कुणाला दिसली नाही. थोडक्यात सांगायचं तर चपला उडत नव्हती, ती माझ्या भरवशावर लटकत होती.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी भित्रा आहे. जन्मापासूनच आहे. जीव टांगणीला लागणं हा तुमच्यासाठी पुस्तकातला वाक्प्रचार असेल, माझ्यासाठी ते रोजचं काम होतं.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे मोटारींचे पट्टे, गिर्यारोहकांचे पट्टे, उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्यांचे पट्टे शिवले जात. मला शिवणाऱ्या बाईचा धाकटा भाऊ असाच इमारतींना रंग द्यायचा. त्यामुळे समोर आलेला प्रत्येक पट्टा ती भावाचाच समजून शिवायची. जाड नायलॉनच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, त्यांवर चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची. मग ती उठायची, पट्ट्याचं एक टोक पायाखाली दाबायची आणि दुसरं दोन्ही हातांनी अंगातलं सगळं बळ एकवटून ओढायची. ओढताना तिचा चेहरा पांढराफटक व्हायचा. टाका सुटतो की काय, ही तिची धास्ती त्या ओढण्यातून माझ्या धाग्यांत शिरली ती कायमची.

तिथून मी एका स्टुडिओत आलो आणि दोरमामांच्या हाती पडलो. माणसांना तारेवर चढवणं आणि सुखरूप उतरवणं हे मामांचं काम. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून की काय, त्यांची बोटं फार तिखट होती. दर शॉटआधी ते मला मांडीवर घेत आणि अंगठ्याचं नख माझ्या एकेका टाक्यावरून फिरवत. मग मला वाकवून उजेडात धरत आणि म्हणत, "बोल रे बाबा, काही दुखतंय का?" मित्रांनो, बोलता येत नसलेल्याला कुणीतरी असं विचारणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला कसं सांगू!

मला अंगावर घालणारी होती खारूताई. नटूनथटून संवाद म्हणणारी खरी नटी वेगळी होती. मुखवटा चढला की तिच्या जागी खारूताई उभी राहायची. खारीसारखी भिंतीवर सरसर चढते म्हणून स्टुडिओत सगळे तिला याच नावाने हाक मारत. लोकांना वाटे, हिला भीतीच नाही. मला मात्र तिच्या पोटातला गोळा रोज कळत होता, कारण माझं पुढचं बक्कल नेमकं त्याच्यावर यायचं. वर चढण्याआधी तिचा श्वास लहान व्हायचा आणि तळहात ओले व्हायचे. पहिल्या दिवशी तिने मामांना हळूच सांगितलं होतं, "मामा, मला फार भीती वाटते हो."

"वाटू दे की," मामा म्हणाले. "ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मला सांग. मी तुला वर चढवणार नाही."

आता मालिकेचं सांगतो. पहिला भाग यायच्या दोन महिने आधीपासून तिची जाहिरात सुरू झाली. एक प्रचंड उंच पाण्याची टाकी, टाकीच्या कठड्यावर उभी असलेली चपला, वाऱ्यावर फडफडणारा तिचा शेला आणि खाली मुंग्यांएवढी माणसं. एवढंच दिसायचं. मग एक घोगरा आवाज म्हणायचा, "ही उडी तुम्ही पाहणार आहात... शेवटच्या भागात!" ती जाहिरात पाहून पोरं वेडी झाली. मी ती खारूताईच्या घरी पाहिली. मी तिच्याच मापाचा असल्याने ती मला पिशवीतून घरी न्यायची आणि दारामागच्या खुंटीवर अडकवायची. घरात ती, तिची नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. लेकीने वहीत चपलेची बावीस चित्रं काढली होती. शाळेत तिने सांगून टाकलं होतं, की चपला म्हणजे माझी आई. कुणाचाही विश्वास बसला नव्हता.

पहिले तीन भाग, खरं सांगतो, झकास झाले. पहिल्या भागात चपला दोन इमारतींमधली गल्ली ओलांडून सज्ज्यावर अडकलेल्या म्हाताऱ्याला उचलते. त्या एका शॉटसाठी मामांनी चार दिवस घेतले होते. तो पाहताना सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला आणि "संपलं का? संपलं का?" असं विचारत राहिल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिलं, 'चपला चमकली!'

पण चौथ्या भागापासून घसरण लागली. लिहिणाऱ्याकडे तीन भागांपुरतीच गोष्ट असावी. खलनायक अर्धा तास नुसता हसायचा. चपलेची मावशी स्वयंपाकघरात उभी राहून रडायची, आणि पुढच्या रविवारी तिथेच उभी राहून उरलेलं रडायची. उडण्याची दृश्यं तर जुनीच पुन्हा दाखवू लागले.

"हीच उडी मागच्या आठवड्यात नव्हती का गं?" सासूबाईंनी विचारलं. "तेव्हा डावीकडून उजवीकडे गेली होती."

"आजी, त्यांनी उलटी करून दाखवलीय," लेक म्हणाली. "तिच्या छातीवरची वीज बघ, तीही उलटी झालीय."

 खारूताईने ताटातला घास तसाच ठेवला.

वाहिनीच्या कचेरीत पत्रांचा ढीग पडू लागला. आधीची पत्रं रंगीत खडूंनी लिहिलेली असत, आताची लाल शाईने. 'चपला झिजली', 'चपला बदला', 'या चपला दाराबाहेर काढा' अशा कोट्यांना ऊत आला. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी एक गोष्ट हटकून असायची. टाकीवरच्या उडीसाठी आम्ही थांबलो आहोत, निदान ती तरी नीट दाखवा.

दिग्दर्शक साहेब ही पत्रं स्टुडिओतच उभ्याउभ्या वाचत आणि वाचताना त्यांच्या पापण्या फडफडत. मालिका मध्येच बंद पडणार या भीतीने त्यांची झोप उडाली होती. घाबरलेला माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो थांबतो, नाहीतर धावत सुटतो. साहेब धावत सुटले. एका दिवसाचं काम अर्ध्या दिवसात, मग पाव दिवसात. मामांचं नख फिरत असलं की ते घड्याळाकडे पाहू लागत. सातव्या भागाच्या वेळी त्यांचा संयम सुटला.

"मामा, तुमचं हे गोंजारणं होईपर्यंत सूर्य मावळतो!"

"साहेब, सूर्य उद्या पुन्हा उगवतो," मामा शांतपणे म्हणाले. "पोरगी उगवायची नाही."

दुसऱ्या दिवशी मामा कामावर दिसले नाहीत. त्यांच्या जागी एक नवा तारवाला आला होता. माणूस वाईट नव्हता, चलाख होता. तार, कप्पी, कड्या, जे जे लोखंडाचं ते ते तो पाहायचा. कापडाचं काय पाहायचं, असं त्याला वाटत असावं. मला तो झटकायचा आणि फेकायचा. त्या दिवसापासून मला कुणी विचारलं नाही, काही दुखतंय का म्हणून.

आणि दुखणं तर आठव्या भागातच आलं. पावसाचा प्रसंग होता. नळ्यांतून पाणी उडवून खोटा पाऊस पाडला होता. मी चिंब भिजलो. दुपारी पुढचा शॉट होता आणि साहेब ओरडत होते, "पंधरा मिनिटांत तयार!" ओला पट्टा अंगाला गार लागतो, मांड्या सोलवटतो. म्हणून खारूताईने मला पिळलं आणि एका मोठ्या दिव्याच्या जाळीवर वाळत घातलं. तो दिवा म्हणजे भट्टीच होती. मित्रांनो, नायलॉन ओरडत नाही. तो आतल्या आत वितळतो आणि गार झाला की काचेसारखा कडक होतो. माझ्या पाठीवरच्या कडीखालचा तो चौकोन, ती फुली, सगळं भाजून निघालं. त्यावर मऊ अस्तर होतं, त्यामुळे वरून काही दिसत नव्हतं. पंधरा मिनिटांनी तिने मला उचललं. "वा, कसा कोरडा झाला!" असं म्हणून तिने मला अंगावर चढवलं.

त्यानंतरच्या प्रत्येक शॉटमध्ये मला माझ्या पाठीत एक बारीक आवाज ऐकू यायचा. कट्. एक धागा गेला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कट्. मी मोजत होतो. मोजण्यावाचून मला दुसरं काय करता येत होतं? ती हवेत असायची, खाली माणसं टाळ्या वाजवायची, आणि मी उरलेल्या धाग्यांना घट्ट धरून असायचो. ती जमिनीवर उतरली की मला वाटायचं, सुटलो. मग उद्याचा दिवस आठवायचा.

शेवटच्या भागाच्या चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, खारूताई घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीने मला खुंटीवरून काढलं आणि आपल्या अंगावर चढवलं. मी तिला ढगळ झालो. ती खुर्चीवर मागे रेलली आणि लगेच पुढे आली.

"आई, इथे टोचतंय. पाठीत काहीतरी कडक आहे."

"काढ बरं तो," खारूताई मान वर न करता म्हणाली. "खेळणं नाहीये ते."

लेकीने मला परत अडकवलं. मला किंचाळावंसं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाचा तरी हात दुखऱ्या जागी पडला होता, आणि निसटून गेला होता.

रविवार उजाडला. शेवटच्या भागाची गोष्ट अशी होती. खलनायकाने गावाच्या पाण्यात विष सोडायचं ठरवलं आहे. चपला टाकीवर चढते, मोठी झडप फिरवून बंद करते, आणि मग सगळ्या गावादेखत टाकीवरून उडी घेते. टाकी खरी होती, वापरात नसलेली. शेजारी क्रेन उभी केली होती. टाकीच्या अंगाला गोल गोल जाणारा लोखंडी जिना होता. खाली फरशी. गाद्या टाकल्या तर त्या कॅमेऱ्यात दिसतात, म्हणून त्या बाजूला सारल्या होत्या. सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. आसपासच्या गच्च्यांवरही गर्दी होती.

वर वारा होता. खारूताईने झडप फिरवली, तो शॉट झाला. मग ती कठड्यापाशी आली. नव्या तारवाल्याने माझ्या कडीत तार अडकवली, एक हिसका दिला आणि अंगठा वर केला. त्या हिसक्याने पाठीत एकाच वेळी तीन धागे गेले. कट् कट् कट्. मला कळून चुकलं, की उडीचा भार आता मला पेलणार नाही. आणि ती कठड्यावर पाय ठेवत होती.

पाय ठेवून ती थांबली. तिचा श्वास नेहमीसारखा लहान झाला होता, पण या वेळी तो तिथेच अडकला. तिने हात मागे नेला आणि पाठीवरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. नेमका त्याच जागी.

"दादा," ती तारवाल्याला म्हणाली, "इथे कडक लागतंय."

"कडीचं लोखंड लागत असेल ताई."

"लोखंड नाही. माझी लेक काल म्हणत होती." तिने पाय खाली घेतला. "आधी वाळूचं पोतं सोडून बघू या."

खालून कर्ण्यातून साहेबांचा आवाज आला, "काय झालं? ऊन चाललंय!"

"पोतं सोडायचंय म्हणतात!" तारवाला ओरडला.

खाली कुजबुज झाली. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला, पण हो म्हणाले. खारूताईने मला उतरवलं. त्या दोघांनी मला क्रेनने वर आणलेल्या, तिच्याच वजनाच्या पोत्याला आवळलं आणि तारेने अर्ध्या उंचीपर्यंत हळूहळू सोडलं. मी जीव मुठीत धरून होतो. अर्ध्यावर पोतं थांबलं, डुललं, आणि मी टिकलो. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच टिकण्याचा संताप आला. आता ती मला अंगावर घालणार होती!

"झालं ना समाधान?" तारवाला पोतं वर घेत म्हणाला.

"नाही. मी अर्ध्यावर थांबणार नाही, आणि हळूही जाणार नाही. मी जशी जाणार आहे, तसंच पोतं जाऊ दे."

"ताई, किती वेळ जाईल—"

"मला भीती वाटतेय!" खारूताई म्हणाली. ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की खाली ऐंशी माणसांना ऐकू गेलं.

 गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, चपलेला भीती वाटते म्हणे!" आणि हशा पिकला. मुखवट्याच्या कडेतून तिचे कान लालबुंद झालेले मला दिसले. पण ती जागची हलली नाही. दोन्ही हात छातीशी बांधून ती पोत्याकडे पाहत राहिली.

पोतं सुटलं. वारा माझ्या कडांतून शिट्टीसारखा गेला. जमिनीपासून दोन मजल्यांवर तारेने त्याला एकदम अडवलं, आणि माझी पाठ फाटली. चौकोन उघडला, फुली उसवली. कडी तारेसोबत वर राहिली, आणि पोतं मला घेऊन खाली फरशीवर आदळलं.

वाळू पार कॅमेऱ्यापर्यंत उडाली. हसणं जिथल्या तिथे विरलं. मी वाळूत उताणा पडलो होतो, तिथून मला टाकीचा कठडा दिसत होता. तिथे ती उभी होती. जिवंत होती. नवा तारवाला तिच्या शेजारी मटकन खाली बसला होता.

आता तिला खाली यायचं होतं, आणि यायला एकच वाट होती, जिना. ती कठडा धरून पायरी पायरी उतरू लागली. दोनदा ती मध्येच बसली. कॅमेरा बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. ती शेवटच्या पायरीवर आली तेव्हा साहेब धावत गेले.  ते तिच्यासमोर हात जोडून नुसते उभे राहिले. मग आपल्या सहायकाला एवढंच म्हणाले, "मामांना बोलवा."

मामा तासाभरात आले. मला त्यांनी वाळूतून उचललं, मांडीवर घेतलं आणि अस्तर फाडलं. खालची चकचकीत, करपलेली जागा त्यांच्या नखाखाली आली.

"हा कुठे भाजला?"

खारूताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मामा... मीच. पावसाच्या दिवशी. दिव्यावर वाळत घातला होता." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

मामा रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी पाणी पी." मग त्यांनी मोठी कात्री घेतली आणि मला मधोमध कापलं, म्हणजे मी चुकूनसुद्धा पुन्हा कुणाच्या अंगावर जाणार नाही. मला दुखलं नाही. खरं सांगू? जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला कसलीच भीती वाटली नाही.

साहेबांनी मग उडीचा शॉट घेतलाच नाही. शेवटचा भाग तसाच दाखवला गेला. चपला झडप बंद करते, तिच्या शक्ती तिला सोडून जातात, आणि ती साध्या बाईसारखी जिन्याने खाली येते. लोक खवळले. 'तेरा आठवडे थांबलो आणि चपला जिन्याने आली!' वर्तमानपत्राने लिहिलं, की ज्या मालिकेने आकाशाएवढ्या अपेक्षा जागवल्या, तिने शेवटी पायऱ्या दाखवल्या. मालिका कायमची बंद झाली. खारूताईच्या लेकीलाही शाळेत मुलांनी घेरलं. तिने त्यांना म्हणे विचारलं, "झडप बंद झाली होती ना? गावाचं पाणी वाचलं होतं ना? मग उडी कशाला मारायची?" 

आता मामा एका मोठ्या दालनात नव्या मुलामुलींना तारेवरचं काम शिकवतात. खारूताईही शिकवते, आणि नव्या पट्ट्यात अजून उडतेही. माझा अर्धा तुकडा तिथल्या भिंतीवर टांगला आहे. नवीन आलेल्या प्रत्येकाला माझ्या उसवलेल्या फुलीत बोट घालायला लावतात. बोट बाहेर काढताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

चपलेने अपेक्षा पूर्ण केल्या का, असं लोक अजूनही एकमेकांना विचारतात आणि मान हलवतात. पहिले तीन भाग चांगले होते, मधले नऊ टाकाऊ होते, हे मलाही मान्य आहे. पण मित्रांनो, शेवटच्या भागाबद्दल माझी तुम्हाला एक विनंती आहे. तो कधी पुन्हा दाखवला गेला, तर ती जिना उतरू लागताच कंटाळून उठू नका. जरा पडद्याजवळ सरका आणि तिचे गुडघे पाहा. ते लटलट कापताहेत. तेवढा एक भाग अभिनयाचा नाही.